उपम्याची भिंत

सरकारी इंजिनियर म्हणून मी जन्मभर बांधकामंच केली, पण जुन्या दगडी भिंतीला टेकून बसायला मी कचरायचो. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मला तिथे पाठवलं होतं. दोन-अडीच फूट रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या. तिथला विषय मी घरी कधी काढला नाही. बायको गेली, तिलाही सांगायचं राहिलं.

गेल्या वर्षी परदेशात लेकीकडे, रोटोटुनाला, सहा महिने राहायला गेलो. सकाळी चालायला जायचो. एका घराच्या फाटकाला पिवळसर दगडाचे खांब होते. एकदा तिथे एक वयस्कर बाई खांबाला हात लावून उभी दिसली. मला वाटलं, चक्कर आली असावी.

"आर यू ओके?"

"ओके," ती म्हणाली आणि खांब थोपटला. "तुफ. माय कंट्री."

ती आर्मेनियाची. माझ्यासारखीच मुलाकडे आलेली. तुफ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला दगड; खांबांचा हा दगड जवळच्या हिनुएरा गावचा. तिच्या देशातली हजार-दीड हजार वर्षांची चर्चेस अशाच दगडाची, आणि ती मोजण्यात, त्यांचे नकाशे काढण्यात हिची सगळी नोकरी गेलेली. इंग्रजी आम्हा दोघांचंही कामापुरतं. पण इमारतीचा प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे उभा छेद, दोघांनाही वाचता येत होते. मग रोज बागेतल्या बाकावर तिची वही उघडायची. घुमट, कमानी, आणि खाचकार, म्हणजे क्रॉस कोरलेल्या उभ्या शिळा. क्रॉसभोवती वेलबुट्टीची इतकी बारीक जाळी की दगड विणल्यासारखा वाटावा.

"सुंदर आहे," मी एकदा म्हणालो, "पण दगड माणसं मारतो." आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत किल्लारीचं सांगून टाकलं. का ते मलाही कळलं नाही. वही मिटून ती निघून गेली. उगाच बोललो, असं दिवसभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती लेकीच्या दारात हजर. हातात पाव. सरळ ओट्यापाशी गेली. दोन स्लाइस उभे धरले आणि मधे माझा सकाळचा उपमा दाबून भरला. "माय चर्च." बाहेरून दोन्हीकडे घडीव दगड, आत चुना आणि दगडाचे तुकडे, सगळं आळून एकजीव. तिने ढकललं, तरी भिंत उभी. मग दुसरे दोन स्लाइस घेऊन मधे कोरडे पोहे ओतले. बोट लावताच एक इकडे पडला, एक तिकडे.

"युवर व्हिलेज. मड."

हे मला माहीत होतं. मातीत रचलेल्या त्या भिंतींबद्दल अहवालात मीच लिहिलं होतं. पण ते मी कधी कुणाबरोबर असं समोर ठेवून पाहिलं नव्हतं. ती खुर्चीवर बसली. तिच्या देशातही मोठा भूकंप झाला होता. बहीण नव्या काँक्रीटच्या इमारतीखाली गेली. "चर्चेससुद्धा पडली, काही," ती म्हणाली. "काही उभी. मी पुन्हा मोजायला गेले." मग डोळे पुसून तिने तो उपम्याचा पाव अर्धा मला दिला, आणि आम्ही तो खाल्ला.

रविवारी लेकीने आम्हाला गाडीतून हिनुएराला नेलं. रस्त्यालगतच त्या दगडाचे उंच कडे आहेत. बाई उतरून जवळ गेली. मीही गेलो आणि खाली बसून कड्याला पाठ टेकली.

लेक शेजारी येऊन बसली. "बाबा, तुम्ही मला शाळेच्या ट्रिपला एकदाही किल्ल्यावर पाठवलं नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला जुनं दगडी काही आवडतच नाही. आणि आज इथे टेकून बसलात?"

मग मी तिला किल्लारीचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच मराठीत. ती मधेमधे विचारत होती. कुठे राहत होतात, जेवत काय होतात, आईला का नाही सांगितलंत. मी उत्तरं देत गेलो. बाई लांब उभी राहून आमचं संपायची वाट पाहत होती. त्या बाईचे आभार मला इंग्रजीत नीट मानता आले नाहीत, म्हणून इथे लिहितो आहे.