ताईचे चार होकार

मही आणि ईशान,

पुण्याहून विमानात बसले तेव्हा माझ्या मांडीवर निळी फाइल होती. तिच्यात चार रंगांचे चार कागद होते, आणि परत येताना त्यांतला एकच शिल्लक ठेवायचा, एवढंच माझं दिल्लीतलं काम होतं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "ऑफिसच्या कामाला?" मी म्हटलं, "बहिणीच्या."

माझी थोरली बहीण, म्हणजे तुमची मोठी आजी, दिल्लीत द्वारकेला तळमजल्यावरच्या घरात एकटी राहते. तिचे यजमान फौजेत सुभेदार होते. ते जाऊन आठ वर्षं झाली. ताई आता ब्याऐंशीची आहे. जानेवारीत ती न्हाणीघरात पडली आणि कामवाली येईपर्यंत फरशीवरच होती. हाड मोडलं नाही, पण यापुढे एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यातच तिचा एकुलता मुलगा श्रीरंग, जो गुडगावला नोकरी करतो, त्याला कंपनी तीन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवते आहे. तीन आठवड्यांत निघायचं. तोवर ताईचं ठरायलाच हवं होतं.

गुलाबी कागद मुलाबरोबर सिंगापूरला जाण्याचा. पिवळा गुडगावजवळ मानेसरच्या पुढे ज्येष्ठांसाठी बांधलेल्या निवासाचा. हिरवा म्हणजे आहे तेच घर आणि दिवसरात्र सोबतीला बाई. पांढरा माझ्याकडे पुण्याला येण्याचा. पांढऱ्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, हेही सांगून टाकते.

विमान उतरताना खाली दिल्ली दिसलीच नाही, नुसता राखाडी धुरळा दिसला. रस्त्यावर आल्यावर मात्र दुतर्फा सेमल (आपली काटेसावर) लालभडक फुललेली होती. गुडगावला श्रीरंगच्या इमारतीच्या फाटकापाशी पहिली फजिती झाली. मी पहारेकऱ्याला श्रीरंगचं पूर्ण नाव सांगितलं, तो काय काम करतो तेही सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "नाम से नहीं होगा माताजी, टावर बताइए." टॉवरचा क्रमांक मी फाइलमध्ये लिहिला होता आणि फाइल बॅगेत खाली गेली होती. शेवटी फाटकाबाहेर, सामानावर बसून, बॅग उघडली. आत जाणारी प्रत्येक गाडी माझ्या साड्या बघून गेली.

श्रीरंगची बायको नीरू पानिपतची. तिनं कढी-चावल केलं होतं. त्यांची कढी आपल्यासारखी पिण्याची नसते. दाट असते, तिच्यात भजी बुडवलेली असतात आणि ती भातावर वाढतात. मी दोनदा घेतली. जेवताना विषय निघाला.

"मावशी, आईचं झालंय," श्रीरंग म्हणाला. "ती सिंगापूरला यायला तयार आहे. बिल्कुल तयार."

मी चमचा खाली ठेवला. गेल्याच आठवड्यात फोनवर ताई मला पुण्याला यायला हो म्हणाली होती. नीरूनं आम्हा दोघांकडे पाहिलं. ती म्हणाली की मानेसरच्या जागेचे फोटो दाखवले तेव्हा मम्मीजी तिलाही "बहुत बढ़िया" म्हणाल्या होत्या, म्हणून तर तिनं तिथली खोली रविवारपर्यंत राखून ठेवायला सांगितली आहे. मग श्रीरंगलाच आठवलं की सोबतीच्या बाईबद्दल विचारलं तेव्हाही आई हो म्हणाली होती. तो स्वतःशीच हसला आणि मग हसायचा थांबला.

चारही कागदांवरून मी एक तक्ता केला होता, त्यात "ताईची पसंती" असा एक रकाना होता. त्यात चारही ठिकाणी बरोबरची खूण आली. इतका भरलेला आणि इतका निरुपयोगी तक्ता मी आयुष्यात केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं द्वारकेला गेले. चुकीच्या फाटकातून बाहेर पडले आणि उन्हात एक मोठा चौक उगाच चालून आले. ताई दारातच उभी होती, मार्चमध्येही अंगात स्वेटर.

"ये सुमे. वाळलीस की गं. चलो, आधी खाऊन घे."

तिनं मूली के पराठे (मुळ्याचं सारण भरलेले) केले होते. साताऱ्याच्या एका शाळामास्तरांच्या आम्ही दोघी मुली. मी पुण्याला इंग्रजी शिकायला गेले, तोवर ती लग्न होऊन छावणीत राहायला गेली होती. हात थरथरतो तिचा आता, पण पराठा फाटत नाही. गॅस मात्र चालूच राहिला होता. तो मी बंद केला. तिनं ते पाहिलं आणि आणखी एक पराठा माझ्या ताटात वाढला.

हात धुवायला गेले तर आतल्या खोलीत तिची काळी लोखंडी पेटी उघडी होती, भरलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात भाऊजींचं नाव, हुद्दा आणि खाली ठिकाण लिहिलेलं. त्या ठिकाणाच्या ओळीवर इतक्या वेळा काळा रंग मारून नवं गाव लिहिलं गेलं होतं की तेवढा भाग बोटाला जाड लागत होता. आता ती ओळ कोरी होती.

"ताई, ही भरलीस कुठे जायला?"

"ते तुम्ही सांगाल ना. वर लोकरीचं ठेवलंय, खाली सुती. गरम मुलूख असला तर वरचं काढायचं, बस."

मी विचारलं की तुझ्या मनात कोणतं आहे. ती म्हणाली, "सगळंच ठीक आहे." पुन्हा विचारलं तर चहा टाकायला उठली. परतीच्या मेट्रोत मी फाइल उघडलीच नाही. ताई विसरायला लागली आहे, म्हणून सगळ्यांना हो म्हणते, की मुद्दाम म्हणते, की मलाच काही समजत नाही, यातलं काही ठरवता येईना.

गुरुवारी तिला घेऊन आम्ही मानेसरच्या पुढे गेलो. वाटेत कारखान्यांच्या बसगाड्या ओळीनं उभ्या होत्या. निवास स्वच्छ होता. कठड्याचे जिने, अंगणात ऊन, घंटा वाजवली की येणारी परिचारिका. मी प्रश्न विचारत होते आणि लिहून घेत होते. ताईनं एकही प्रश्न विचारला नाही. तिनं नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी लावून पाहिली, भिंतीतले खिळे मोजले. व्यवस्थापक अदबीनं म्हणाले, "पसंद आया माताजी?"

ताई ताठ उभी राहिली. "बिल्कुल. कब रिपोर्ट करना है?"

ते हसले. श्रीरंगही हसला. नीरू हसली नाही. गाडीत ती मला हळूच म्हणाली, "मौसीजी, ये पसंद नहीं है. ये तो पोस्टिंग है."

तिनं त्याच दिवशी शालिनीजींना फोन केला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पुढची व्यवस्था कशी करावी, याचा सल्ला देणं हेच या बाईंचं काम. असा व्यवसाय असतो हे मला माहीत नव्हतं. मी चारही कागद जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले होते. शुक्रवारी आम्ही ताईला श्रीरंगकडे घेऊन आलो. शालिनीजी आल्या, त्यांनी ते सगळे कागद उचलले आणि पालथे ठेवले. मग आम्हाला सांगितलं की आता मी फक्त माताजींशी बोलणार आहे, बाकी कोणीही उत्तर द्यायचं नाही.

प्रश्न एकच होता: तुम्हाला स्वतःला कुठे राहायला आवडेल?

ताईनं श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि शालिनीजींनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. इतकी वर्षं वर्गात मी मुलांना असंच गप्प करत आले.

मग ताई हिंदी सोडून मराठीत बोलली, आणि नीरूनं ते हलक्या आवाजात शालिनीजींना सांगितलं.

"अठरा बदल्या झाल्या. हे घरी येऊन सांगायचे, अमक्या तारखेला निघायचं. यांना तरी कोण विचारत होतं? ऑर्डर यायची. मी पेटी भरायची. आवडेल का, असं आजच कोणी विचारतंय. लगेच कसं सांगू?"

श्रीरंग म्हणाला, "आई, रविवारपर्यंतच ती खोली आहे."

"तर मग जाऊ दे ती खोली," ताई म्हणाली. आणि आपण हे काय बोललो, अशा नजरेनं तिनं सगळ्यांकडे पाहिलं.

श्रीरंग उठून गच्चीत गेला. एकोणिसाव्या मजल्यावरून तो खाली काय बघत होता कोण जाणे. तीन आठवड्यांनी त्याला जायचं होतं आणि त्याच्या हातात आता काहीच नव्हतं. मला त्याची दया आली आणि ताईचा रागही आला. रागाची लाजही वाटली.

रविवारी ती आपण होऊन श्रीरंगकडे आली, शेजाऱ्यांच्या गाडीतून. फाटकावर तिला कोणी अडवलं नाही. टॉवरचा क्रमांक तिला पाठ होता.

"एक ठरलंय," ती म्हणाली. "सुमेकडे पुण्याला नको."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. पुण्याच्या घरातली तिची खोली मी रंगवून घेतली होती. न्हाणीघरात कठडे बसवले होते. मी विचारलं, "का गं?"

"तू मला कपाटात नीट लावून ठेवशील. घडी घालून." तिनं माझा हात धरला. "रागावू नको. पहिल्यांदाच नाही म्हणतेय, म्हणून तुलाच म्हटलं. तुला झेपेल."

नीरू स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. श्रीरंगनं मानेसरला फोन करून खोली सोडली. मग ठरलं ते एवढंच: तूर्त दिवसरात्र एक बाई द्वारकेला राहील, श्रीरंग एकटा पुढे जाईल आणि नीरू आपल्या मुलांच्या मेमधल्या परीक्षा संपेपर्यंत इथेच थांबेल. तेवढी मुदत ताईला. हा निर्णय झाला की निर्णय पुढे ढकलला, हे मी श्रीरंगला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मलाही तेच विचारायचं होतं."

सोमवारी परत आले. चार दिवसांनी त्याचा फोन आला. ताईनं सिंगापूरही खोडलं होतं. उरले दोन. शनिवारी ती नीरूबरोबर पुन्हा मानेसरला जाणार होती. या वेळी तिच्याजवळ विचारायचे प्रश्न होते, आणि ते ती कोणाला सांगत नव्हती.

इकडे मी रंगवलेल्या रिकाम्या खोलीत बसून तुम्हाला हे लिहिते आहे. मला वाईट वाटतंय की बरं, ते कळत नाही. तुमचा बाबा दर रविवारी फोनवर विचारतो की आई, हे तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून लिफ्टच्या इमारतीत जाशील ना? मी दरवेळी म्हणते, तू म्हणशील तसं. हा समजूतदारपणा आहे असं मला वाटत होतं. आता मी त्याचं म्हणणं बाजूला ठेवून पुन्हा विचार करायला बसले, तर घर सोडायचं आहे की नाही, हेच मला सांगता येत नाही.

तेव्हा या रविवारी त्यानं विचारलं की मी सांगणार आहे, मला ठाऊक नाही, पुढच्या रविवारी परत विचार.