गोदाआजीने लावलेलं राक्षसाचं लग्न

मानपाड्याच्या गोदाआजीने आजवर तीनशेच्या वर लग्नं लावली असतील. आगरी लग्नात विधीविधीला धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाणारी धवलारीण लागते, ती ही. पण गेल्या चार वर्षांत तिला कोणी बोलावलं नव्हतं. डीजे आले आणि आजी घरी बसली. आता तिच्याच नातीचं, करिश्माचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. कार्यक्रमाच्या यादीत ड्रोन होता, धूर सोडणारं मशीन होतं, धवला नव्हता. आणि बोलावल्याशिवाय गायचं नाही हा आजीचा नेम, मग नात असो नाहीतर आणखी कोणी. तिला फार वाईट वाटत होतं, पण घरात कोणाचं तिकडे लक्षच नव्हतं.

मी विनीत, करिश्माचा मित्र. दर रविवारी दुपारी तिच्या हॉलमध्ये आमचा खेळ चालतो. त्यात कोणी जिंकत नाही. एकजण, म्हणजे मी, गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करतो ते बोलतात आणि ते जमतं की फसतं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. नवख्याला एवढं कळलं तरी पुरे. नियमांच्या बाबतीत मी जरा खडूस आहे, हे मला मान्य आहे.

त्या रविवारी आमच्यातल्या मितेशने ऐन वेळी टांग दिली. साहेब खडवलीला नदीवर गेले होते. करिश्माने आजीलाच त्याच्या जागी बसवलं आणि मी तिला मितेशचं पात्र दिलं, एक भटका गवई.

गुहेत राक्षस आला. आमचा दुसरा खेळाडू दिपेश, त्याने लगेच आपल्या पात्राची कुऱ्हाड उगारली. आजी, तू काय करतेस, असं विचारल्यावर ती म्हणाली, जेवलायस का विचारते. मी फासा टाकायला लावला. तीन पडले. नियमाप्रमाणे राक्षस आजीला खाणार होता. आजीने फाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोणाचा रे तू, गाव कुठलं, आई कुठची, लग्न झालं का, अशी सरबत्ती लावली. माझ्याकडे गुहेचे सोळा पानं भरून नकाशे होते, पण राक्षसाच्या आईचा विचार मी केलेला नव्हता. शहाडची, असं माझ्या तोंडून निघून गेलं. लग्न झालं नाही, हेही.

मग मात्र खेळ माझ्या हातातून गेला. एवढा घोडा झालाय आणि कोणी लग्न लावून दिलं नाही, तो माणसं खाईल नाहीतर काय करील, असं आजीचं म्हणणं पडलं. पुढच्या रविवारी मारायला एक चेटकीण मी पान अकरावर राखून ठेवली होती, तिला आजच बोहल्यावर चढवावं लागलं. दिपेशने कुऱ्हाड ठेवून टॉवेलचा अंतरपाट धरला. तरी आजी गाईना. तिचं म्हणणं, नवऱ्याकडून रीतसर बोलावणं यायला हवं. शेवटी मी, वय बत्तीस, आयटीत नोकरी, उठून उभा राहिलो आणि राक्षसाच्या घोगऱ्या आवाजात आजीला धवला गायला या म्हणून विनंती केली.

आजीने पदर सावरला आणि सुरू झाली. देव्हाऱ्यातल्या देवांपासून वेशीवरच्या देवापर्यंत सगळ्यांना तिने लग्नाला बोलावलं, चेटकिणीला हळद लावली, शहाडच्या विहीणबाईंचाही मान ठेवला. चाळीस मिनिटं. चेटकीण सासरी निघाली तेव्हा मला चक्क रडू आलं. दिपेशचंही नाक वाजत होतं. फासा सोफ्याखाली गेला होता आणि तो काढायला कोणी उठलं नाही.

गाणं संपल्यावर करिश्मा बोलली, जरा रुसूनच.

"आजी, राक्षसाच्या लग्नात गायलीस. मग माझ्या लग्नात का नाही गात?"

"राकसानं मना बोलावलान," आजी म्हणाली. "तू कई बोलावलंस?"

करिश्मा उठली, आजीसमोर मांडी घालून बसली आणि तिने बोलावलं.