शेपटीवर ठिपके नव्हते

भास्करराव तांडेल यांना मी प्रथम पाहिले ते कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या कंपनीच्या शीतगृहात. सत्तरचे दशक संपत आले होते. मी तिथे स्टोअरकीपर होतो. मत्स्यशास्त्राचे हे पदवीधर, आमचे मालतपासनीस, गोठलेल्या सॅमनचा जबडा उघडून आत बॅटरी मारत होते.

"या, बघा," ते म्हणाले. "हिरड्या काळ्या, म्हणजे किंग. फिकट असत्या तर कोहो."

समुद्रातला जंगली सॅमन एका जातीचा नसतो, हे मला त्यांनी शिकवले. किंगच्या सगळ्या शेपटीवर ठिपके, कोहोच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर. चमला ठिपके नाहीत आणि भाव किंगच्या मानाने फारच कमी.

अल मुंतझा वस्तीतल्या त्यांच्या घरी दर शुक्रवारी एकट्या राहणाऱ्या मराठी माणसांची पंगत बसे. वहिनी वाढत आणि भास्करराव प्रत्येकाच्या घरची चौकशी करत. आपल्या दोह्यातल्या मराठी मंडळातले किती जण तिथे जेवले, ते ज्याचे त्याने आठवावे.

एकदा बड्या मेजवानीसाठी 'किंग' आला, डोकी छाटलेला. हिरड्या बघायची सोयच नव्हती. भास्कररावांनी शेपट्या पाहिल्या. एकाही शेपटीवर ठिपका नव्हता. सगळा माल चम होता.

आमचे मॅनेजर मराठीच, मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष. ते म्हणाले, "तांडेल, यल्ला, चला, किंग म्हणून सही करा. शिजल्यावर कोणाला कळतंय? रावसाला आपण इंडियन सॅमन म्हणतोच की!"

"म्हणतो. पण भाव रावसाचाच घेतो."

"व्हिसा कंपनीच्या हातात आहे, विसरू नका."

"विसरलो नाही. सही करणार नाही."

खलास. व्हिसा रद्द झाला. मुलीचे शाळेचे वर्ष अर्ध्यावर तुटले. मी मंडळाच्या सभेत हा विषय काढला, तेव्हा उत्तर मिळाले, "माशावरून कसली भांडणं करता?" विमानतळावर त्यांना निरोप द्यायला मी आणि एक ड्रायव्हर, एवढेच होतो. पंगतीतले बाकी कुणी फिरकले नाही.

आज त्यांच्या पंचाहत्तरीला तेच मंडळ शाल घेऊन उभे आहे! या गौरवग्रंथासाठी तयार केलेल्या त्यांच्या परिचयात लिहिले आहे, 'कौटुंबिक कारणास्तव ते मायदेशी परतले.' संपादकहो, हे वाक्य काढा. ते परतले नाहीत. त्यांना हाकलले, आणि आपण बघत बसलो. नसेल काढायचे, तर माझा लेखही छापू नका.

भास्करराव, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. नजर अशीच तीक्ष्ण राहो. शाल पांघरवणाऱ्यांकडेही एकदा नीट बघून घ्या.