तळ्याच्या बांधावरचा बारावा फोटो

"हा आमचा बांध न्हाई, सलीमभाई."

प्रकाशनं सगळे प्रिंट काउंटरवरून माझ्याकडे सरकवले. माझं डोकंच फिरलं.

"अरे बाबा, मला नेलं कोणी? बोट कोणी दाखवलं? तूच ना?"

"हाव. पण आमचा बांध लई उंच होता. डोंगरावानी. हे तर शेताच्या धुऱ्यावानी दिसून राहिलंय."

आता बांधाची उंची मी वाढवून देऊ का? मी फोटोग्राफर, गवंडी नाही. गंजगोलाईच्या बाजाराजवळ माझा स्टुडिओ होता. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवी ऑफिसं, नवी भरती, त्यामुळे पासपोर्ट साइजवर धंदा बरा चालला होता. पावसानं मात्र सलग दोन वर्षं दगा दिला होता. प्रिंट धुवायला पाणी विकत घ्यावं लागायचं. अशा दिवसांत तोच बांध पुन्हा काढायचा म्हणजे माझ्या जिवावरच आलं.

प्रकाश अशाच एका नव्या ऑफिसात कारकून होता. त्याची नांदेडला बदली झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि त्याआधी त्याला आईची काहीतरी खूण सोबत हवी होती. आई तो लहान असतानाच गेलेली. फोटो एकही नाही. "आमच्या बुद्धवाड्यात तवा फोटो कोण काढून राहिलं होतं? मला तिचा चेहराच आठवत न्हाई," असं तो म्हणाला होता.

असली गिऱ्हाइकं आम्हाला नवी नव्हती. बहिणीचा, नाहीतर मावशीचा फोटो घ्यायचा आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं काम करायचं. त्याला आम्ही टचिंग म्हणतो. चेहरा थोडा बदलायचा, कपाळ मोठं करायचं, झाली आई तयार. लोक रडत रडत घेऊन जायचे. मी प्रकाशला तेच सुचवलं.

"खोटी आई नको," तो म्हणाला. "ती जिथं काम करायची, ती जागा द्या."

जागा म्हणजे औशाकडचा एक पाझर तलाव. पाणी जमिनीत मुरावं म्हणून बांधतात, तसला. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर अख्ख्या गावानं तो बांधला होता. प्रकाशची आई तिथं खडी फोडायची आणि चार वर्षांचा प्रकाश बाजूला झोळीत. आता पुन्हा दुष्काळ, तळं कोरडं ठाक. माती, दगड आणि बाभळी. यात काढायचं काय, माझं कपाळ?

तरी रविवारी दुसऱ्यांदा निघालो. या वेळी मीच अट घातली होती, की ज्याला आठवतं त्याला सोबत घे. म्हणून त्याची थोरली बहीण कमलबाई आली. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. एसटीनं फाट्यावर उतरलो आणि तासभर चाललो. आठ वाजून गेले होते. दहानंतर ऊन डोक्यावर आलं की सावल्या काळ्याकुट्ट पडतात, फोटोत माणसाचे डोळेच दिसत नाहीत. माझी घाई चाललेली, आणि इकडं बहीणभावाचं भांडण सुरू.

"झोळी हितं होती."

"गप रे. त्या बाभळीला होती. तू झोपलेला, तुला काय कळतंय?"

माझ्याकडे एकशेवीसची फिल्म होती. एका रोलमध्ये बारा फोटो, जास्त एक नाही. प्रकाश म्हणेल तिथं मी उभा राहायचो, आणि नेमकी कमलबाई मध्ये यायची. कधी दगड उचलून बघायची, कधी पायानं माती उकरायची.

"बाई, बाजूला व्हा! फ्रेममध्ये येऊन राहिल्या तुम्ही!"

असं मी अकरा वेळा ओरडलो असेन. अकरा फोटो निघाले, एकाही फोटोत माणूस नाही. आणि प्रकाशचं एकच पालुपद, "बांध उंच दिसंना."

शेवटी कमलबाई भडकली. "अरे, तू तवा गुडघ्याएवढा होतास! खाली बस, मग दिसंल उंच!"

या अल्ला! वीस वर्षं कॅमेरा हाताळणाऱ्या मला हे सुचू नये? माझा कॅमेरा दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा. तो मी सरळ जमिनीवर ठेवला आणि स्वतः पालथा पडलो. काचेत बांध आभाळाला टेकला. प्रकाशला बोलावलं. तो वाकला, आणि बराच वेळ उठलाच नाही.

"ह्योच," तो म्हणाला. "पण आई कुठं बसायची गं?"

"ही बघ, हितं."

कमलबाई बांधाच्या पायथ्याशी बसली. एक पाय लांब, एक दुमडलेला. पदर कपाळावर ओढलेला, मान खाली. एका हातात दगड धरून दुसऱ्या हातानं हातोडा मारल्यासारखं केलं. एक फोटो उरला होता, ऊन चढत होतं, आणि ही बया पुन्हा फ्रेमच्या मधोमध.

"बाई, किती वेळा सांगू—"

"राहू द्या!" प्रकाशनं माझा खांदाच धरला. "सलीमभाई, तिला हलवू नका. अशीच बसायची. मला दिसून राहिलीय."

मी गुमान बटण दाबलं.

सोमवारी सकाळी गाडीच्या आधी दोघं आले. प्रकाशनं बारावा तेवढा फोटो उचलला आणि फ्रेम करून मागितली. वर हार अडकवायला एक खिळा ठोका म्हणाला. मी पुन्हा उखडलो.

"वेडा झालास का? जित्या बहिणीच्या फोटोला हार घालतोस?"

कमलबाईनं फोटो हातात घेतला. पदराखाली चेहरा दिसतच नव्हता. तिनं त्या पदरावरून हळूच बोट फिरवलं.

"घालू द्या त्याला," ती म्हणाली. "ही मी न्हाईच. आईच हाय ही."

टचिंगची पेन्सिल माझ्या कानावर तशीच खोचलेली होती.

बाकीचे अकरा फोटो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. स्वच्छ, नीट, उजेड अगदी मापात. ते न्यायला कोणी आलं नाही. तेव्हापासून कोणी फ्रेममध्ये आलं की ओरडण्याआधी मी एवढंच विचारतो, की बाई, इथं कोण बसायचं?