एका पत्र्यावरचं जेवण

मथुरा गेल्याचं मला एका अनोळखी माणसानं सांगितलं. शहापूरच्या बाजारातून परतणारा कोणी शेतकरी आमच्या किन्हवलीच्या शाळेपाशी बैल सोडून पाणी प्यायला थांबला होता. मी मुलींची बेरीज तपासत ओट्यावर बसले होते. पाणी पिऊन झाल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "मुरबाडच्या त्या भट्टीवाल्या बाई गेल्या, कळलं का? चांगली बाई होती. आमच्या घरातसुद्धा तिचीच भट्टी हाय." त्याला वाटलं, मला ती ऐकून माहीत असेल. मी "हो का?" एवढंच म्हटलं आणि पुन्हा पाटीकडे पाहिलं. सोप्या बेरजा होत्या, पण एकीचाही ताळा मला जमेना... त्या गोष्टीला आता चार महिने होतील. तुमच्या वर्तमानपत्राच्या या पुरवणीत मागच्या रविवारी तिच्यावर चार ओळी आल्या. त्यांत 'एका पत्र्यावर सगळा स्वयंपाक करण्याची युक्ती ज्यांनी शोधून काढली' असं लिहिलेलं वाचलं आणि मी लिहायला बसले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही, जे झालं ते सांगणार आहे.

मथुरा आमच्या शेजारच्या घरात लग्न होऊन आली ती माझ्या आगेमागे एका वर्षात. फरक एवढाच, की ती सासरी आली होती आणि मी सासरहून परत आले होते. लग्नानंतर दीड वर्षात मालक तापानं गेले. वडील मास्तर होते म्हणून मला लिहितावाचता येत होतं, पण विसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं भावाच्या घरी परतलेल्या बाईला त्याचा उपयोग काय? नऊ माणसांचा स्वयंपाक माझ्याकडे आला. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत भल्या पहाटे चूल पेटवायची, ओल्या लाकडांनी डोळे सुजायचे, आणि भाकऱ्या संपेपर्यंत बाकीच्या बाया शेतावर पोचलेल्या असायच्या. मथुराचं तेच. फक्त ती माझ्यासारखी गप्प बसायची नाही. कुडापलीकडून ओरडायची, "अनू, तुझ्याकडं बी धूरच शिजतंय का गो?" आणि आम्ही दोघी डोळे पुसत हसायचो. सणासुदीला, बारशाला, हळदीकुंकवाला बाया मला टाळून पुढे जायच्या. मथुरा जायची नाही. ती माझ्या ताटात जेवायची. हे मुद्दाम लिहिते आहे.

युक्ती सुचली ती म्हसा गावच्या जत्रेत. पौषातली थंडी होती, बैलबाजाराच्या कडेला एक नानकटाईवाला बसला होता. त्याच्याकडे पत्र्याची पेटी होती, पेटीखाली निखारे आणि पेटीवरही निखारे. काठ दुमडलेल्या पत्र्यावर कच्च्या नानकटाया मांडून तो आत सरकवायचा आणि निवांत विडी ओढत बसायचा. मी तिथं इतका वेळ उभी राहिले, की मथुरा वैतागली. "घ्यायची तर घे, नायतर चल." मी म्हटलं, "मथू, तो बघ, बसलाय. काही ढवळत नाय, उलटत नाय. त्या पत्र्यावर आपण वांगी ठेवली तर?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "वांगीच का? भाकरी बी ठेव." असं ते सुरू झालं. कल्पना माझी, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. पण ती उभी करणारे हात मथुराचे होते, हेही तितकंच खरं आहे. घासलेटचा रिकामा डबा तिनं रिकामाच तीनदा तापवून त्याचा वास घालवला, एका बाजूनं कापून त्याला झाकण केलं, तुसाची माती कालवून बाहेरून चार बोटं लिंपला. आत दोन विटकरी, त्यांवर लोहाराकडून काठ दुमडून आणलेला पत्रा.

पहिल्या दिवशी वांगी वरून कोळसा आणि आतून कच्ची. दुसऱ्या दिवशी भाकरीचं लाकूड झालं. पण महिन्याभरात आम्हांला त्या डब्याचा स्वभाव कळला. कडेला आच जास्त, म्हणून कोनफळाच्या जाड चकत्या, कांदे आणि वांगी कडेनं लावायची. मीठ, मिरची, लसूण वाटून खुरासणीच्या तेलात कालवायचं आणि ते त्यांना चोळायचं. वालाच्या शेंगा त्यांच्या आतल्या बाजूला. मधोमध तांदळाच्या पिठाच्या पानग्या, केळीच्या पानात दाबलेल्या. पान करपलं की पानगी झाली. घरात सुकट असली तर ती कांद्याखाली दडपायची, म्हणजे जळत नाही. पत्रा आत सारायचा, वर-खाली निखारे घालायचे आणि आपल्या कामाला जायचं. दोन पायली दळून होईपर्यंत सगळं जेवण एकदम तयार. धूर नाही, फुंकणं नाही, घासायला एकच पत्रा. ज्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी इतर बायांच्या बरोबरीनं शेतावर पोचलो आणि दुपारी परत येऊन झाकण उघडलं, त्या दिवशी माझी वहिनी, जी सहसा माझ्याशी बोलत नसे, म्हणाली, "अनसूयाबाई, आमाला बी दाखवा." पुढच्या दोन वर्षांत किन्हवलीत पंधरावीस घरी तो डबा गेला. आम्ही दोघी मिळून शिकवायचो. मी सांगायची, ती करायची.

मग लढाईचे दिवस आले. घासलेट मिळेना, सरपणही महाग झालं. मुंबईच्या एका महिला मंडळाच्या बाई शहापूरला आल्या. थोड्या लाकडात स्वयंपाक करायच्या युक्त्या त्या गोळा करत होत्या आणि खेड्यापाड्यांत फिरून शिकवायला त्यांना माणसं हवी होती. आमच्या गावच्या तलाठ्यानं आमची नावं कळवली. शहापूरच्या शाळेच्या पटांगणात आम्ही भट्टी लावली, पत्र्यावर जेवण करून दाखवलं, बाईंनी स्वतः बसून खाल्लं. मला आठवतं, त्यांनी कोनफळाची चकती दोनदा मागून घेतली. फिरतीचं काम होतं आणि मुरबाडला राहायला एक खोली मिळणार होती. खोली... हा शब्द ऐकून आम्हां दोघींचे डोळे एकमेकींना भेटले. मथुराच्या नवऱ्यानं त्याच वर्षी दुसरी बायको आणली होती आणि मथुराला आपल्या लहान मुलीसह पडवीत झोपावं लागत होतं. माझं तर सांगितलंच आहे. जाताना बैलगाडीत आम्ही बोललो होतो. तिनंच माझा हात धरून म्हटलं होतं, "दोघी, नायतर कोणीच नाय."

बाईंनी आम्हांला एकेकीला वर्गात बोलावलं. मथुरा आधी गेली. ती बाहेर आली तेव्हा पदरानं मान पुसत होती. मग मी गेले. बाई चांगल्या होत्या, त्यांना बोलणं जड जात होतं. म्हणाल्या, सध्या एकीलाच घेता येईल. लिहितावाचता येतं म्हणून त्यांच्या मनात मीच होते. "पण तुमच्या मैत्रिणीनं आम्हांला सावध केलं, ते बरंच झालं. आम्हां शहरातल्यांच्या ध्यानात येत नाही हे. तुम्ही... म्हणजे तुमचे यजमान नाहीत ना... खेड्यातले लोक तुमच्या हातचं खाणार नाहीत, चुलीपाशी येऊ देणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. त्यांना तुमची काळजी वाटते, अपमान व्हायला नको म्हणून." मी उठले. नमस्कार केला की नाही, आठवत नाही.

परतीची ती गाडी मी कधी विसरणार नाही. उन्हं कलली होती, भट्टीचा डबा आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलेला आणि अजून ऊबदार. मी वाट पाहत होते, की ती आता सांगेल. आता सांगेल, या वळणावर सांगेल. ती म्हणाली, "बघू या, काय ठरवतात त्या." किन्हवली आली. तिनं डबा उतरवायला हात लावला, मी म्हटलं, "राहू दे, मथू. तुला लागेल." तेव्हा तिला कळलं, की मला कळलंय. आठ दिवसांनी मुलीला घेऊन ती मुरबाडला गेली. तो डबाही तिनं नेला.

मला वाटलं होतं, राग काही दिवसांनी निवेल. नवऱ्याच्या मरणाचं दुःख निवलं, हे निवलं नाही. तापाला मी ओळखत नव्हते, मथुराला ओळखत होते. मी घरात पुन्हा चूल पेटवली. वडिलांची जुनी पुस्तकं काढली, परीक्षा दिली, मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. भाऊ नाराज होता, पण माझ्यात तेव्हा असं काही शिरलं होतं, की कोणाच्या नाराजीची मला पर्वा उरली नव्हती. तिच्या बातम्या कानावर यायच्या. ती गावोगाव फिरते, लोक तिला भट्टीवाल्या बाई म्हणतात, जावई चांगला मिळाला. मी ऐकून घ्यायची.

ती वारली त्याच्या महिनाभर आधी तिची मुलगी हौसा हिनं निरोप पाठवला, आई बोलावते आहे. मी गेले. खरं सांगते, मी माफी ऐकायला गेले. मुरबाडची ती खोली मी पहिल्यांदा पाहिली. लहान होती, स्वच्छ सारवलेली, खिडकीतून डोंगर दिसत होता. मथुरा अंथरुणावर पडून होती, पोटाच्या दुखण्यानं निम्मी झालेली. ती म्हणाली, "मी म्हटलं ते, अनू. त्या बाईला एकच पायजे होती. आणि मला ही खोली पायजे होती."

"माझ्याकडं मागायचीस," मी म्हटलं. "मी नाव मागं घेतलं असतं. तुझी पोर होती, मला दिसत नव्हतं का?"

"आणि नसतं घेतलंस तर?"

इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिच्याशी भांडले होते, पण हा प्रश्न त्या भांडणात कधी आलाच नव्हता. ती पुढं काही बोलेल म्हणून मी थांबले. ती भिंतीकडे वळली. हौसानं चहा ठेवला होता, तो न घेता मी निघाले.

तिचं सगळं उरकल्यावर हौसा स्वतः बाळंत झाली, म्हणून एक काम तिनं माझ्यावर सोपवलं. आईचं शेवटचं गाठोडं तिच्या फिरतीतल्या वैशाखरे गावी राहिलं होतं, ते आणायचं. नाही म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही. मुरबाडहून बैलगाडीनं गेले. ज्या घरी मथुरा उतरायची तिथं अंगणात एक मोठी लिंपलेली भट्टी होती, पाच-सहा घरांची मिळून. तिच्यापाशी पारू नावाची बाई पत्रा लावत होती. चाळिशीची, कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. मी बघतच राहिले. मला वाटलं, ती फक्त निखारे सारत असेल. पण पानग्या तिनंच थापल्या, तिनंच काढल्या, आणि घरातल्या म्हाताऱ्यापासून पोरांपर्यंत सगळे तिच्या हातून वाढून घेत होते.

मी विचारलं, तेव्हा ती सहज सांगू लागली. "मथुराबाई पयल्यांदा आल्या तवा ही मंडळी म्हणाली, हिला भट्टीला हात लावू देऊ नका. बाई अंगणात मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, हिच्या हातचं मी आधी खाते, तुमच्या देखत. मग तुमी खा. नायतर माझा डबा मी परत नेते. दुपार टळली, बाई उठल्या नायत. शेवटी मामंजींनीच पान मागितलं."

"कधीची गोष्ट ही?"

"आमच्याकडं पयल्यांदाच आल्या होत्या ना, त्याच साली. लढाई चालू होती."

त्याच साली. म्हणजे शहापूरनंतर काही महिन्यांतच. लोक खातात, हे तिला माहीत होतं. कोणीतरी अंगणात मांडी घालून बसावं लागतं, मग खातात. पारूसाठी ती बसली. माझ्यासाठी त्या वर्गात, एका खुर्चीवर, तिला नुसतं गप्प बसायचं होतं... तेवढंही तिनं केलं नाही. मला त्या क्षणी जे वाटलं ते गाडीतल्या दुपारपेक्षा वाईट होतं. तोवर मी समजत होते, की मथुरा इतरांसारखीच निघाली. ती इतरांसारखी नव्हती. तरी तिनं ते केलं.

"तुमी त्यांच्या कोण?" पारूनं विचारलं.

"शेजारीण," मी म्हटलं.

तिनं माझ्यापुढं पान मांडलं. कोनफळ कडेनं नीट भाजलेलं, मधे मऊ. मी पोटभर जेवले. गाठोडं घेऊन निघाले तेव्हा दोन-तीन बाया मागं आल्या, म्हणाल्या, वरच्या पाड्यांवर अजून कोणाला भट्टी करता येत नाही, आता कोण शिकवणार? मी सुट्टीत येईन, म्हटलं. का म्हटलं, ते मलाही पुरतं सांगता येणार नाही. मथुराच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून नाही, एवढं नक्की.

त्यानंतर दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला एका म्हातारीनं मला "नव्या मथुराबाई" म्हणून हाक मारली. मी हातातला पत्रा खाली ठेवला आणि माझं नाव सांगितलं. म्हशाच्या जत्रेतली गोष्टही सांगितली, सगळी. बायांनी ऐकून घेतली, कोणी खरं धरली असेल, कोणी नसेल. पण तिथल्या बाया भट्टीचं झाकण उघडण्याआधी बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा टकटक करतात. ही मथुराची सवय. दारावर थाप मारावी तशी. माझ्या घरी ती असं करायची तेव्हा मी विचारलं होतं, "कोणाला उठवतेस?" तर म्हणाली होती, "आतल्यांना सांगते, आले म्हणून." त्या बायांना हे कारण ठाऊक नाही. त्यांना वाटतं, असंच करायचं असतं. मी त्यांना ते शिकवलेलं नाही आणि करू नका असंही सांगितलेलं नाही. टकटक ऐकू आली की मी बोलता बोलता थांबते, झाकण उघडेपर्यंत थांबते, आणि मग पुढचं सांगते.