बांधलेला फेटा

ती म्हसवडची पोरगी पहिली आली होती. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

सातारा ते सांगली, मुलींची सायकल शर्यत. सांगलीत शेवटच्या रेषेवर पंच म्हणून मी, शाळेतला खेळाचा मास्तर. कॅमेरा लावा म्हटलं तर आयोजक हसले, "सर, तुमचे डोळे हायत की!" आणि वर रेषेवर लाल फीत धरली, पाहुण्यांच्या फोटोसाठी. फीत धावण्याच्या शर्यतीत ठीक. सायकलीत छाती बघत नाहीत; पुढच्या टायरची कड कुणाची आधी रेषेला लागली, तेवढंच बघतात. मला ठाऊक होतं. तरी फीत धरू दिली.

दोघी एकदमच आल्या. म्हसवडच्या पोरीनं ऐन वेळी अंग मागं टाकलं, हात ताणून सायकल पुढं लोटली. तिचं चाक रेषेवर आधी आलं, चांगलं वीतभर. पण पुढं वाकलेल्या सांगलीच्या मुलीच्या छातीनं फीत तुटली. टाळ्या. मी तोंड उघडायच्या आत पाहुण्यांनी तिला फेटा बांधायला घेतलाही.

पुढच्या निवडीला फक्त पहिलीच जाणार होती.

मी आयोजकांच्या कानाशी लागलो. ते उसळले, "बांधलेला फेटा उतरवायचा? पाहुण्यांच्या हातचा? येड लागलंय का सर?"

सगळे मोबाईल पाहुण्यांवर रोखलेले. रेषेवर एकही नाही.

पोरगी धापा टाकत आली. "आवं सर, माजं चाक आदी हुतं. तुमी बगितलंय."

"मला नीट दिसलं नाही."

"मग हितं कशाला हुबं केलंय तुमास्नी? फीत बांधायला खांब म्हणून?"

लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आजही अशी चीड येते की स्वतःच्या थोबाडीत मारावी.

आयोजकांचा संताप येतो, त्या पाहुण्यांचा येतो. पण त्यांनी रेषेकडे बघितलंच नव्हतं. मी बघितलं होतं. चार वार कापडाचा मान राखायला मी एका पोरीचे पाय खोटे पाडले.

परवा लोणंदच्या बाजारात दिसली. ओळखलं तिनं, आणि तोंड फिरवलं. बरं केलं. सायकल अजून चालवते का, एवढं विचारायचीही माझी छाती झाली नाही.

त्याच आयोजकांसमोर, चारचौघांत, "पहिली तू होतीस, मी खोटं बोललो," हे मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.