मंगळवारचा दवाखाना

धुरपताबाई राळेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर राहते, मजुरीने शेतात जाते. तिच्या पंधरा वर्षांच्या बादलने शेजारच्या खेमसिंगची सोयाबीनची गंजी पेटवली, तेव्हा कुणालाच कारण कळेना. भांडण नव्हतं, वैर नव्हतं. पोलिसांनी विचारलं, तरी पोरगा गप्प. बाल न्याय मंडळाने त्याला यवतमाळच्या निरीक्षणगृहात ठेवलं.

त्याच सुमारास अशा मुलांच्या मानसोपचारासाठी सरकारी निधी आला होता आणि त्यातून तिथे दीपमाला मॅडम समुपदेशक म्हणून आल्या होत्या. धुरपताबाई भेटीला गेली, तेव्हा त्यांनी गंजीचा विषयच काढला नाही. बादलला शेजारी बसवून त्यांनी विचारलं, "घरात त्याआधी काय झालं होतं?"

"पोरगी गेली माही, वर्षा. साप डसला तिले. हा संगंच होता, पाठीवर घेऊन धावला. तवापासून झोपत नाई. आमाले वाटलं, इसरन हळूहळू."

"साप कुठे डसला?"

"गंजीच्या सावलीत बसली होती..." धुरपताबाई मध्येच थांबली.

बादल मान खाली घालून आईला म्हणाला, "याडी, साप त्या गंजीतच घुसला होता. खेमसिंगकाकाची लेकरं गंजीपाशी खेळून राह्यलती. मी त्यायले घरी हाकललं, मंगच पेटवली."

तांड्यावर परतल्यावर ती आधी खेमसिंगकडे गेली. तिने सगळं सांगितलं, तसं त्याने विचारलं,

"मले आधी काहून नाई सांगतलं?"

"मले तरी कुठं मालूम होतं, भाऊ?"

पुढच्या तारखेला खेमसिंग स्वतः मंडळासमोर उभा राहिला आणि पोराला घरी सोडा म्हणाला. दर आठवड्याला यवतमाळला उपचार घ्यायचे, या अटीवर बादल घरी आला. धुरपताबाई मजुरी बुडवून त्याला एसटीने नेऊ लागली.

निधीचं काम पाहायला एकदा तिथे अधिकारी आले. पालकांनी हात जोडून आभार मानले. धुरपताबाई म्हणाली, "दवा चांगली हाये, साहेब. पन इतक्या दूर कोन येईन? आमच्या राळेगावात एक दिवस डॉक्टर बसवा."

साहेबांनी लिहून घेतलं. ती ते विसरूनही गेली. पण दिवाळीनंतर राळेगावच्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर यायला लागले.

बादल आता झोपतो. रोज नाही, पण झोपतो. शाळेतही जातो. तांड्यावरच्या सुखीबाईची पोरगी कित्येक महिने कुणाशी बोलत नव्हती. एका मंगळवारी धुरपताबाई त्या दोघींना सोबत घेऊन गेली. दारापाशी सुखीबाईचे पाय अडखळले.

"आत काय इचारतीन, बाई?"

"इचारतीन, काय झालं म्हनून. तू फक्त खरं सांग," धुरपताबाई म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली.